धाकटीचा पहिला जॉब

“आता एंटर दाब,” ताई म्हणाली. “दाबलंस की तुझा जॉब, म्हणजे मशीनला सांगितलेलं काम, गेला रांगेत.”

धाकटीनं कीबोर्डवरचा हात उचलून छातीशी धरला. “काही मोडणार नाही ना हो?”

“मोडायला ते काय काचेचं भांडं आहे?”

कोपऱ्यातला दाढीवाला मान न वळवता म्हणाला, “मी पहिल्याच दिवशी सगळ्यांची वाट अडवली होती. जॉब रांगेत लावायचा सोडून सगळे जिथून आत शिरतात त्या लॉगिनच्या मशीनवरच चालवला. अख्खं विद्यापीठ माझा उद्धार करत होतं.”

“म्हणून हिला आधीच सांगितलंय. लॉगिनचं मशीन म्हणजे नुसता उंबरा. उंबऱ्यावर पान मांडायचं नसतं.”

धाकटी म्हणजे खोलीत सगळ्यात नवी आलेली. तिला शिकवण्यात ताईनं काही हातचं राखलं नव्हतं. मशीनं किती मागायची, वेळ किती मागायचा, निकाल कुठं लिहून घ्यायचा, चुकलंच तर जॉब रद्द कसा करायचा, सगळं नीट सांगितलं. या खोलीत संशोधनाला येणाऱ्या प्रत्येकाला तिनंच शिकवलं होतं. कुणी काही विचारलं की मार्गदर्शक मॅडम म्हणायच्या, “ताईला विचारा.” काल मात्र धाकटीनं फळ्यावर आकडेमोडीची आपली नवी रीत मांडली, तेव्हा मॅडम खडू हातात धरून नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे मला सुचायला हवं होतं.”

ताईला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं.

उद्या पाहुण्यांसमोर खोलीतलं एकच काम मांडायचं होतं. ताईचे आलेख तयार होते. पण आज आल्या आल्या मॅडम दारातूनच म्हणाल्या, “धाकटीचा निकाल पाचपर्यंत आला तर तो घेऊ. नाहीतर ताईचं आहेच.”

आहेच. तो शब्द ताई सकाळपासून मनात घोळवत होती.

धाकटीनं डोळे मिटून एंटर दाबलं. एक उघडला. “पेंडिंग म्हणतंय. असंच असतं?”

“असतं. रांग आहे. धीर धरायचा.”

धीर धरून काही उपयोग नव्हता, हे ताईला ठाऊक होतं. तळमजल्यावरच्या गार खोलीत संगणकांची कपाटंच्या कपाटं होती, पण यांच्या खोलीच्या वाट्याला एका वेळी आठच मशीनं यायची. धाकटी डबा खायला गेली तेवढ्यात ताईनं आठही अडवली होती. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसे आठ जॉब. आत काम काहीच नाही. मशीन घ्यायचं आणि रात्रीपर्यंत गप्प बसायचं, एवढाच हुकूम. तो लिहिताना तिचे हात अगदी शांत होते. कुणाचं वाईट तर करत नाही, तिनं स्वतःला समजावलं होतं, जरासा उशीर फक्त.

धाकटी सारखी पडद्याकडे बघायची, उठून पाणी प्यायची, परत बघायची.

“तू बघतेस म्हणून रांग लाजून पुढे सरकणार नाही गं,” दाढीवाला म्हणाला. “पुढे कुणीतरी ताणून दिलेली दिसतेय.”

ताईनं आपले तयार आलेख पुन्हा उघडले. ते सकाळी होते तेवढेच चांगले होते.

“ताई!” धाकटी ओरडली. “पुढे कुणाचे जॉब आहेत ते कसं बघायचं, सापडलं मला.” ती बोट लावून वाचू लागली आणि थांबली. “अगंबाई. आठही तुमचेच?”

ताईनं मान वर केली नाही. “हो. जरा महत्त्वाचं आहे.”

आता ही तोंड पाडेल, निदान एखादा टोमणा तरी मारेल, असं ताईला वाटलं. मारला असता तर बरं झालं असतं. दोन शब्द ऐकवता आले असते.

“मग आधी नाही का सांगायचं?” धाकटी म्हणाली. “तुमचं एवढं मोठं काम चाललंय, आणि मी मेली मध्ये मध्ये लुडबुडतेय.” तिनं जॉब रद्द करायची ओळ टाइप केली. ताईनं शिकवली होती तश्शी, एक अक्षर न चुकता. रांगेतून तिचं नाव गेलं.

ताईला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पाचाच्या सुमाराला मॅडम आल्या. “काय गं, आला का निकाल?”

“नाही मॅडम, मी जॉब काढून घेतला. ताईंचं मोठं काम चालू आहे. आपली आठही मशीनं त्यालाच लागलीत.”

“आठही?” मॅडमनी ताईकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. “आणि मला पत्ताच नाही! छुपी रुस्तम आहेस हं. मग उद्या तेच मांड. ते जुने आलेख राहू देत, किती वेळा दाखवायचे?”

“मॅडम, ते अजून—”

“होईल गं. तुझं कधी राहिलंय?” मॅडम गेल्यासुद्धा.

ताईच्या पडद्यावर आठ ओळी होत्या. प्रत्येकीपुढे ‘रनिंग’, आणि त्यापुढे सेकंद पळत होते.

धाकटीनं आपली खुर्ची सरकवत आणून ताईच्या खुर्चीला भिडवली. दोन्ही कोपर टेबलावर टेकले, हनुवटी तळहातांत धरली.

“दाखवा ना ताई,” ती म्हणाली, “आत काय काय चाललंय?”