उपासाची बांगडी

हरितालिकेच्या पूजेला बसण्याआधी आता बायका एकमेकींचे हात बघत. पॉलिमरचे सूक्ष्म गोळे थरावर थर रचून केलेली ती बांगडी रंग न घालताच हिरवी दिसे आणि अंगात साखर वाढली की लाल होई. शाल्मलीनेच ती प्रयोगशाळेत घडवली होती, मधुमेह्यांसाठी. बायकांनी ती उपास कुणी मोडला ते पकडायला लावली.

आज वाळूची पिंड घडवताना तिचीच लाल झाली. घशाला नुसती कोरड पडली होती.

"चोरून काय खाल्लंस गं?" सासूबाईंनी विचारलं.

"रात्रीपासून पाण्याचा थेंबही नाही, आई. उपाशीपोटी लाल, म्हणजे मला मधुमेह झालाय."

शेजारच्या काकू हसल्या. "बांगडी खोटं सांगत नाही, असं तूच म्हणायचीस ना?"

"डॉक्टरचं उद्या बघू," सासूबाई म्हणाल्या. "आधी वाळूच्या पिंडीवरचा हात काढ."