मशीनला दमा

धाकट्या लेकीला जुळं झालं, ते साल. नारळी पौर्णिमेला दोन दिवस राहिले होते आणि पावसाळाभर पडवीत झाकून ठेवलेलं होडीचं मशीन पाण्याच्या पिंपात लावून हळू चालवलं, की धूर ओकत बंद पडत होतं. खाडीच्या तोंडाशी असं बंद पडलं, तर होडी सरळ खडकावर.

"भावोजी, याला दमा लागलाय," मेव्हणा वामन म्हणाला. "भंगारात घाला."

"आधी तुला घालतो. पाना दे."

शिळं पेट्रोल काढलं, प्लग घासला, कार्बोरेटर धुतला. दमा तसाच. मग चोकची झडप बोटाने ढकलून पाहिली. ती पुरती उघडत नव्हती. सुईने टोकरल्यावर तळहातावर पडला कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा.

मशीन झाकण्याआधी माझी बायको गोमती दरवर्षी त्याची पूजा करायची. मी ओरडायचो, "अक्षता कसल्या टाकतेस? लग्न लावतेस का त्याचं?"

ती म्हणायची, "पावसाळाभर एकटं राहायचंय त्याला."

वामन दाण्याकडे बघत राहिला. "तायची अक्षता," एवढंच म्हणाला.

मी दोरी ओढली. मशीन हळू, एका लयीत चालू लागलं. ते बंद करून मी तो दाणा झाकणाच्या आत, चोकपासून लांब, ग्रीसने चिकटवून ठेवला.

गोमती त्याच आषाढात, अमावास्येच्या आदल्या दिवशी गेली.