तोफखान्याची भेट

तोफखान्याचा मेसेज आला तेव्हा धैर्यशील कीर्तनाला निघायच्या घाईत सदऱ्याची बटणं लावत होता.

‘आज कीर्तनात भेट हुईल. समोरासमोर.’

बटण तसंच राहिलं. ‘जुनी कॅसेट’ ग्रुपवर कुणाचंच खरं नाव नव्हतं. लहानपणी टीव्हीला जोडून खेळलेले गेम, फुंकर मारून चालू केलेल्या कॅसेटी, मधेच महापालिकेचं राजकारण आणि पोटभर टोमणे, एवढाच तिथला संसार. धैर्यशील तिथं ‘रणगाडा’ होता. आपण टाळकरी आहोत हे त्यानं तिथं कधी सांगितलं नव्हतं.

काल वाद पेटला होता. ‘रणगाड्या, तुझा उमेदवार म्हंजे वरनं फुंकर मारल्याशिवाय चालू न हुणारी कॅसेट हाय,’ असं तोफखान्यानं लिहिलं आणि सगळा ग्रुप हसला. धैर्यशीलचं डोकं फिरलं. त्यानं तोफखान्याच्या आईवरून असं काही लिहिलं, की हसणारे एकदम गप्प झाले. सकाळी त्यानं ते पुसून टाकलं. पण वाचणाऱ्यांनी वाचलं होतं.

‘गेलास की कामातनं,’ एकानं लिहिलं होतं. ‘तोफखाना म्हंजे तालमीतला गडी वाटतोय. उचलून आपटंल तुला.’

देवळात गर्दी होती. कुरुंदवाडहून आलेली त्याची बहीण निशिगंधा दारातच भेटली.

"दादा, घाम का आलाय एवढा?"

"उकडतंय."

"माघात?"

त्यानं बाहीनं कपाळ पुसलं.

"बरं नसंल तर घरी जाऊन पड की."

"बुवांना शब्द दिलाय. टाळकरी कमी हाईत आज."

ती आईशेजारी बायकांत जाऊन बसली. केरबाबुवांनी अभंग धरला. देवाचं नाव कानावर पडलं, की धैर्यशीलला बाकी कशाची शुद्ध राहत नसे. आज मात्र टाळ हातात जड झाले. बुवा निरूपणाला लागले, टाळ खाली आले, आणि खिसा थरथरला.

‘निळा सदरा. ठेका चुकतोय.’

त्यानं मान वर केली. कीर्तन टिपून घ्यायला निम्म्या लोकांच्या हातात मोबाईल होते. खांबाला टेकून एक आडदांड माणूस उभा होता. गळ्यात विरोधी पक्षाचा गमछा. तो धैर्यशीलकडंच बघत होता.

धैर्यशीलनं टाळ काखेत धरून टाईप केलं. ‘चुकलं माझं. तुमची माफी मागतो. तुमच्या आईची पण.’

उत्तर लगेच आलं. ‘आईची तिच्या तोंडावर मागायची.’

"माऊली," बुवा म्हणत होते, "देवानं तोंड नाकाच्या खालीच का ठिवलं? आपण काय वकतोय त्याचा वास पयला आपल्याला यावा म्हणून." मंडप हसला. खांबाजवळचा माणूसही हसला.

मागच्या दारानं निसटावं असं त्याला वाटलं. पण आरती झाली आणि पाया पडणं सुरू झालं. कीर्तन संपलं की इथं सगळेच सगळ्यांच्या पाया पडतात. लहानमोठं, ओळखीचं-अनोळखी कुणी बघत नाही आणि नको म्हणायची सोय नसते. गमछावाला गर्दीतून वाट काढत सरळ त्याच्यासमोर आला.

धैर्यशीलनं डोळे मिटले.

"माऊली," म्हणत त्या माणसानं वाकून पायांना हात लावला आणि तो पुढच्याकडं वळला.

धैर्यशीलनं डोळे उघडले. तेवढ्यात कुणीतरी त्याचे दोन्ही पाय घट्ट धरले. सोडेचना.

त्यानं खाली बघितलं. निशिगंधानं मान वर केली. तिचे डोळे भरले होते.

"रणगाड्या, ज्या आईवरनं तू बोललास, ती तिकडं लोकांना बुक्का लावतीया. हाक मारू?"