शोभेचं धान

२००९ साल. बाली बेटावरच्या त्या हॉटेलात योगराज कटरे एकाच रात्रीसाठी उतरला होता. सोबत बायको भूमेश्वरी आणि आई गोमतीबाई. खोलीच्या गच्चीखाली धानाच्या बांध्या होत्या, पायऱ्यांसारख्या एकीखाली एक, थेट नदीपर्यंत. नवेगाव बांध या आपल्या गावी, तलावाकाठच्या शेतावर असंच हॉटेल उभारायचं योगराजच्या मनात होतं. शेत आईच्या नावावर. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की गावी जाऊन ती सही करील, म्हणूनच त्याने तिला विमानात बसवून आणलं होतं.

सकाळी चहा आला तेव्हा गोमतीबाई खोलीत नव्हती. भूमेश्वरीने गच्चीवरून खाली बोट दाखवलं. सासू लुगडं खोचून एका बांधीत उभी होती, पोटरीभर चिखलात. तिच्या आजूबाजूला चार बायका हिरवंगार धान मुठी भरभरून उपटत होत्या. धुऱ्यावर, दोन बांध्यांमधल्या बांधावर, नव्या रोपांच्या जुड्या मांडून ठेवल्या होत्या.

योगराज धावत खाली गेला. "माय, भायेर ये. नऊले बस निघते."

"ह्या बाया उभं धान काऊन उपटून राहिल्या? इचार त्या सायबाले."

मॅनेजर तिथे आलाच होता. योगराजने त्याला विचारलं आणि आईला सांगितलं, "पिकलं का पिवळं पडते. पाहुण्याईले हिरवंच पायजे. म्हनून काढून नवीन लावते. शोभेचं धान हाय हे, माय. कोनी खात नाही."

गोमतीबाईने धानाचं एक ताट मोडलं, नखाने उभं चिरलं आणि त्याच्यापुढे धरलं. आत कोवळी, पांढरी लोंबी होती. धान असं गर्भात आलं की कटऱ्यांच्या घरचं कोणी बांधीत विळादेखील नेत नसे. योगराजला हे लहानपणापासून ठाऊक होतं.

"मी इथून हालत नाही," ती म्हणाली. "उपटा म्हना माह्या पायाखालचं."

वरच्या गच्च्यांवर पाहुणे जमले. दोघातिघांनी कॅमेरे काढले.

"लोक पाहून राहिले, माय. लाज वाटते."

"पाहू दे. पाहासाठीच त लावलं हाय म्हनतोस."

भूमेश्वरीने हसू लपवायला तोंड फिरवलं.

उपटणाऱ्यांतली सगळ्यात म्हातारी बाई थांबली. हातातली मूठ तिने धुऱ्यावर ठेवली, हात धुतले आणि तिथेच बसली. मग बाकीच्याही एकेक करून बसल्या. मॅनेजर आधी त्यांच्यावर ओरडला, नंतर योगराजशी हळू आवाजात बोलला. एवढी एक बांधी पिकू देतो म्हणतो, असं योगराजने आईला सांगितलं.

"खोटं बोलून राहिला असन," गोमतीबाई म्हणाली. "पर कबूल त केलं. आता तू बोल, बाबू."

"कशाचं बोलू?"

"आपल्या शेताचं."

वर रस्त्यावर बसचा भोंगा दोनदा वाजला. बस गेली. योगराज चिखलात उभ्या असलेल्या आईकडे बघत राहिला.

"नाही लावत हात," तो शेवटी म्हणाला. "निघ आता."

तेव्हा ती बाहेर आली.

त्या बांधीचं पुढे काय झालं, ते कोणाला कळलं नाही. योगराजने दोन वर्षांनी नागझिऱ्याच्या रस्त्याला मुरमाड जागा घेऊन हॉटेल काढलं. ते बरं चालतं. तिथलं स्वयंपाकघर भूमेश्वरी बघते. नवऱ्याचंही तिथे काही चालत नाही.

गोमतीबाई २०१४ च्या आश्विनात गेली, धान गर्भात असताना. मसणवटीला शेतातून सरळ गेलं तर वाट निम्मी होते. तिरडीचे पुढचे दोघं बांधीत उतरायला निघाले. मडकं धरून चाललेला योगराज थांबला.

"धुऱ्यानं चला," तो म्हणाला. "फिरून."