दोन्ही पुड्यांत पांढरं

अंबुजानं दुसऱ्या पुडीतही पांढरंच फूल घातलं आणि घाईघाईनं कागद दुमडला. देवघरात ती एकटीच होती, तरी वेंकटेशाच्या तसबिरीकडे मान वर करून बघायचा काही तिला धीर झाला नाही.

घरात एखाद्या गोष्टीचं ठरेनासं झालं की तंजावरची माणसं असा कौल घेतात. एका पुडीत पांढरं फूल, दुसरीत तांबडं. पुड्या देवापुढे ठेवायच्या, एक उचलायची, आणि निघेल ते मुकाट्यानं मानायचं. कितीक लग्नं अशी जमली, कितीक मोडली. आज प्रश्न होता विश्वेशच्या सहलीचा. पांढरं म्हणजे हंपी, तांबडं म्हणजे गंडिकोटा.

विश्वेश तिचा एकुलता एक, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. चार मित्रांपैकी दोघं हंपी म्हणत होते, दोघं गंडिकोटा; याच्या मतावर सगळं अडलेलं. काल त्यानं मोबाइलवर तिला गंडिकोटा दाखवला. बाई गं! जमीन उभी चिरत गेलेली, पार तळाशी नदी, आणि कड्याच्या टोकाला पाय सोडून बसलेली कुणाची तरी पोरं. कठडा नाही, काही नाही. अंबुजाचा सगळा जन्म कावेरीकाठच्या सपाट भातशेतांत गेलेला. उंच म्हणून तिनं काय पाहिलं, तर पेरियकोविलचं, बृहदीश्वराच्या देवळाचं शिखर, तेही खालून. मग त्यानं हंपी दाखवली. जिकडे तिकडे धोंडे आणि मधे देवळं. धोंड्यांचं मेलं काय भय? ते आपले जागच्या जागी पडून आहेत.

म्हणून दोन्हीकडे पांढरं.

सासूबाई, वेंकूबाई, जपमाळ हातात घेऊनच आल्या. विश्वेशही आंघोळ करून, धुतलेली वेष्टी नेसून आला. डोळे मिटून तो जरा जास्तच वेळ उभा राहिला, मग एक पुडी उचलून उघडली.

"पांढरं!" वेंकूबाईंनी हात जोडले. "हंपी. स्वामीनं सांगितलं. सरी, झालं."

विश्वेशनं तिथेच उभ्या उभ्या मित्रांना कळवून टाकलं. अंबुजाचा जीव भांड्यात पडला. दुसरी पुडी तिनं हळूच उचलून मुठीत धरली.

"बरं झालं कन्ना," ती म्हणाली. "देवळं बघा, चार फोटो काढा, सुखरूप परत या."

"देवळं कसली अम्मा! धोंडे चढायला चाललोय आम्ही. हे बघ, आमच्या वर्गातला चेतन गेल्या वर्षी गेला होता."

तिनं बघितलं. दोन मजले उंच, गुळगुळीत धोंडा, आणि त्याला पालीसारखा चिकटलेला चेतन. सगळा भार बोटांच्या पेरांवर.

"दोर कुठे आहे रे?"

"यात दोर नसतो. खाली गादी टाकतात."

"आणि गादीच्या बाहेर पडला तर?"

विश्वेशनं मोबाइल बंद केला.

"गंडिकोट्यातही असंच चढणार होता?"

"छे! तिथे नुसतं बघायचं. कड्यापासून लांब तंबू, बरोबर माहीतगार माणूस."

अंबुजा सासूबाईंकडे वळली. "आत्याबाई, पुन्हा एकदा लावू पुड्या?"

"खुळी की काय गे तू?" वेंकूबाई कडाडल्या. "स्वामीला कोणी दोनदा विचारतं? त्यानं धाडलंय, तोच सांभाळील."

त्यानं कुठे धाडलंय? धाडलंय मी! अंबुजाला पुढे ऐकवेना. पोराचा हात धरून तिनं त्याला ओढतच मागच्या दारी नेलं आणि मूठ उघडली.

"यातही पांढरंच आहे. देवानं काही सांगितलेलं नाही रे, मीच ठरवलं. चुकले मी. जाऊ नको."

तिला वाटलं, हा चिडेल. नाही तर नेहमीसारखा पोट धरून हसेल. तो हसलाही नाही आणि चिडलाही नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हातातला मोबाइल मित्रांच्या निरोपांनी एकसारखा थरथरत होता.

"चौघांना हो म्हणून बसलोय मी," तो म्हणाला. "आता माघार घेतली तर जन्मभर भित्रा म्हणतील."

"म्हणू देत!"

"खरंच आहे मी भित्रा, अम्मा." त्याचा आवाज एवढासा झाला होता. "उंचावर गेलं की माझे हातपाय गळतात. कुणाला कधी बोललो नाही. म्हणून तर तू पुड्या लावू म्हणालीस तेव्हा लगेच कबूल झालो. म्हटलं, देवानंच हंपी काढली तर मग काय भ्यायचं?"

त्यानं घामेजलेले तळवे वेष्टीला पुसले. ते पुन्हा ओले झाले. पुन्हा पुसले.

"जायला तर लागेलच. पण अम्मा, हे तू मी परत आल्यावर सांगायचं होतंस."