शेवटाकडून

"दहा दिवस पुसा म्हटलं होतं मी. पाच तसेच आहेत," स्मृतिकेंद्राच्या खुर्चीत बसत इंदुमती गायधनी म्हणाल्या. त्यांची मुलगी ओवी दवाखान्यात होती, ते हे दहा दिवस. दहाव्या दिवशी ओवी गेली, आणि नेमका तोच दिवस डोक्यात राहिला होता.

केंद्र चालवणाऱ्या रझियाताईंनी पडद्यावरची यादी पाहून कपाळाला हात लावला. नव्या माणसानं पहिल्या दिवसापासून पुसायला घेतलं होतं. एक दिवस पुसला की त्याच्या जागी पुढचा दिवस सरकतो, पण यंत्र तोवर एक जागा पुढे गेलेलं असतं. म्हणून एकाआड एक दिवस सुटला होता.

"आमचीच चूक, ताई. आता शेवटाकडून पुसत येते, म्हणजे एकही सुटणार नाही. फक्त पुसण्याआधी प्रत्येक दिवस एकदा दिसेल."

इंदुमतींनी डोळे मिटले. दहावा दिवस दिसला आणि गेला. आठव्या दिवशी ओवीनं डोळे उघडले. सहाव्या दिवशी तिनं पाणी मागितलं. चौथ्या दिवशी ती उठून बसली आणि नर्सबाईंच्या बोलण्याची नक्कल करून खदखदून हसली.

"थांबा!"

"दोनच राहिलेत, ताई."

"राहू देत."

रझियाताईंचा हात बटणावरच थांबला. "पण मग तुमच्या आठवणीत ओवी हसतीच राहील. ती कशी गेली, तो दिवस तर पुसलाय, ते तुम्हाला कधीच आठवणार नाही."

"ते मला कुणीही सांगेल," इंदुमती म्हणाल्या. "ही नक्कल कोण करून दाखवणार?"