डीजे किल्लारी

लातूरच्या क्लासमध्ये दोन वर्षं काढूनही भुजंग डॉक्टर झाला नाही, पण पुण्याच्या टेक्नो क्लबात त्याच्या बासला तोड नव्हती. आधी जमिनीखालून यावी तशी घरघर, मग जीव टांगणीला लावणारी शांतता, आणि मग असा दणका की टेबलावरचे ग्लास नाचत. पोस्टरवर नाव असे 'डीजे किल्लारी'. ते त्यानंच सुचवलं होतं. मायला मात्र कधी सांगितलं नव्हतं.

दिवाळीला तो गावी आला तेव्हा मायच म्हणाली, "तिकडं काय वाजवतूस, मला बी ऐकीव की."

भर दुपारी त्यानं गाडीतले मोठे स्पीकर घरात लावले. फळीवर उपड्या पेल्यावर तांब्या ठेवलेला होता. भूकंप झाल्यापासून माय तो तसाच ठेवायची. जमीन हलली की पडावा आणि माणसं सावध व्हावीत म्हणून. भुजंगच्या ते ध्यानातच आलं नाही. घरघर सुरू झाली आणि तांब्या खणकन आदळला.

"माय, काई न्हाई, माझंच गाणं हाय!" म्हणत तो तिला अडवायला दाराशी धावला. त्र्याण्णवला तीन महिन्यांच्या भुजंगला छातीशी धरून ती दारातून बाहेर पळाली होती. थोरली सिंधू आत झोपलेलीच राहिली, हे घरात कुणी बोलत नसे.

आज माय दाराकडे आलीच नाही. आतल्या खोलीत धावली आणि रिकामी बाज चाचपत म्हणाली, "सिंधू, ऊठ गं. आज आधी तुला नेते."